घटक ४ : ई-पत्रव्यवहार आणि मजकुराची गोपनीयता

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला

• पोस्टकार्ड, बंद लिफाफा आणि ईमेल यांतील गोपनीयतेची तुलना करता येईल.
• सांकेतिक भाषा आणि कूटलेखन यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करता येईल.
• कूटबद्ध ईमेल सेवा कशाचे रक्षण करते आणि कशाचे करीत नाही, हे विशद करता येईल.
• खाजगी पत्रव्यवहाराविषयी भारतीय कायद्याची भूमिका थोडक्यात मांडता येईल.
• प्रत्यक्ष प्रसंगी पत्रव्यवहाराचे योग्य साधन निवडता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, पत्राचा मायना, मुख्य मजकूर, समारोप आणि पत्ता ही अंगे आपल्या परिचयाची आहेत. पत्राचे आणखी एक लक्षण मात्र बहुधा गृहीत धरले जाते. कथा, कविता किंवा लेख अनोळखी वाचकांसाठी लिहिला जातो. खाजगी पत्राचा वाचक लिहिण्यापूर्वीच ठरलेला असतो. आपले शब्द त्या एकाच व्यक्तीच्या हाती पडणार आहेत, या विश्वासामुळे लिहिणारा मोकळा होतो. आजार, कर्ज, घरातील कलह, नोकरीतील अन्याय यांविषयी तो पत्रात जसे लिहील तसे चारचौघांत बोलणार नाही. हा विश्वास डळमळला की भाषाही बदलते. माणूस हातचे राखून लिहू लागतो, संदिग्ध बोलतो किंवा लिहिणेच टाळतो. म्हणून गोपनीयतेचा प्रश्न केवळ संगणकशास्त्राचा नाही. पत्र या लेखनप्रकाराच्या अस्तित्वाशी त्याचा संबंध आहे.

आज आपला बराचसा औपचारिक पत्रव्यवहार ईमेलने होतो. प्रवेश अर्जासोबत आधार कार्डाची प्रत, नोकरीसाठी पगारपत्रक, डॉक्टरांना तपासणी अहवाल, वकिलाला कौटुंबिक वादाची हकिकत असे कितीतरी कागद आपण बोटाच्या एका स्पर्शाने पाठवतो. ते वाटेत कोणाकोणाच्या हातांतून जातात, कोठे साठतात आणि कोणाला वाचता येतात, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत घटकात हा विचार क्रमाने करावयाचा आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पोस्टकार्ड, लिफाफा आणि ईमेल

नाशिकच्या विद्यार्थ्यांना टपालाच्या साहित्याची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. नाशिकरोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२५ साली सुरू झाले आणि १९२६ पासून तेथे टपाल तिकिटे छापली जाऊ लागली. त्यापूर्वी भारताची तिकिटे लंडनमध्ये छापून येत. देशभरातील कोट्यवधी पत्रांना लागणारी तिकिटे आणि इतर टपालसाहित्य या शहरातून गेले आहे.

या साहित्यातच गोपनीयतेच्या पायऱ्या दिसतात. भारतात पोस्टकार्ड १८७९ साली सुरू झाले. ते स्वस्त होते, पण त्यावरील मजकूर टपाल कारकुनापासून शेजाऱ्यापर्यंत कोणालाही वाचता येई. आंतरदेशीय पत्र घडी घालून चिकटवता येत असल्याने मजकूर झाकला जाई. बंद लिफाफा त्याहून सुरक्षित. तो फोडल्याशिवाय वाचता येत नाही आणि फोडला तर बहुधा कळते. कोणता मजकूर कशावर लिहावा, याचे तारतम्य लोकांना होते. खुशाली पोस्टकार्डावर जाई, तर लग्नाची बोलणी किंवा पैशांचा व्यवहार लिफाफ्यात.

या मालिकेत साधा ईमेल कोठे बसतो? बरेच जण त्याला बंद लिफाफा समजतात, कारण खाते उघडण्यासाठी परवलीचा शब्द लागतो. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. आपण पाठवलेला ईमेल प्रथम आपल्या सेवादात्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तेथून प्राप्तकर्त्याच्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि मग प्राप्तकर्त्याच्या पडद्यावर. या सर्व्हरांमधील प्रवास आज बहुधा कूटबद्ध असतो, त्यामुळे वाटेवरच्या तिऱ्हाइताला मजकूर सहजासहजी दिसत नाही. परंतु प्रत्येक टप्प्यावर पोहोचल्यानंतर तो तेथील यंत्रणेला वाचता येईल अशा स्वरूपात असतो. जणू पोस्टकार्डे कुलूपबंद थैलीतून नेली जातात आणि प्रत्येक टपाल कचेरीत थैली उघडली जाते.

ही शक्यता काल्पनिक नाही. जीमेलवरील वैयक्तिक पत्रांतील मजकूर यंत्राद्वारे तपासून त्यानुसार जाहिराती दाखवण्याची पद्धत अनेक वर्षे चालू होती. ती बंद करीत असल्याचे गूगलने जून २०१७ मध्ये जाहीर केले. धोरण बदलले, परंतु मजकूर वाचता येण्याची तांत्रिक क्षमता अशा सेवांच्या रचनेतच असते. धोरण कंपनी ठरवते आणि ती ते बदलू शकते.

४.२.२ सांकेतिक भाषा आणि कूटलेखन : एका सावकारी पत्राचा धडा

मजकूर झाकण्याचा एक जुना उपाय म्हणजे सांकेतिक भाषा. मराठ्यांच्या इतिहासातील तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पानिपतच्या तिसऱ्या युद्धाशी निगडित आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी सैन्याचा पराभव झाला. त्या वेळी नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवलेल्या हकिकतीनुसार, उत्तरेकडून औरंगाबादच्या सावकारांकडे पत्र घेऊन जाणारा एक कासीद वाटेत पेशव्यांच्या सैन्याला भेटला. ते पत्र पेशव्यांनी उघडले. त्यात युद्धाचा स्पष्ट उल्लेख नव्हता. दोन मोती गेले, सत्तावीस मोहोरा हरवल्या आणि चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर गणतीच नाही, अशा आशयाचा तो व्यापारी हिशेब होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहोरा म्हणजे सरदार आणि खुर्दा म्हणजे असंख्य सैनिक, हा अर्थ पेशव्यांना तत्काळ उमगला.

ही हकिकत आपण बहुधा शोकांतिकेची वार्ता म्हणून वाचतो. पत्रव्यवहाराच्या दृष्टीने वाचली, तर तिच्यातून तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली, पत्र ज्याच्यासाठी होते त्याच्याआधी दुसऱ्यानेच ते वाचले. वाटेत पत्र उघडले जाणे ही आजची घटना नव्हे.

दुसरी, सांकेतिक भाषा संदर्भावर अवलंबून असते. वाटेवरच्या सामान्य माणसाला तो तोट्याचा हिशेब वाटला असता. ज्याचा मुलगा आणि चुलतभाऊ रणांगणावर होते त्याला अर्थ लपला नाही. संदर्भ माहीत असलेल्या वाचकापुढे असे संकेत टिकत नाहीत.

तिसरी गोष्ट सहसा निसटते. पत्र कोठून निघाले, कोणाकडे चालले आणि किती घाईने, हे मजकूर न वाचताही कळत होते. रणभूमीच्या दिशेकडून, युद्ध अपेक्षित असताना, सावकारांचा कासीद तातडीने दक्षिणेकडे धावत आहे, एवढीच माहिती जाणत्याला पुष्कळ काही सांगून जाते. या मुद्द्याकडे आपण ४.२.४ मध्ये पुन्हा वळणार आहोत.

कूटलेखन याहून वेगळे आहे. त्यात शब्दांचा अर्थ बदलत नाही; अक्षरांचे स्वरूपच एका निश्चित गणिती नियमाने बदलले जाते. नियम सर्वांना माहीत असला तरी चालतो; त्यात वापरलेली किल्ली मात्र गुप्त असावी लागते. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला संदर्भ कितीही ठाऊक असला, तरी मजकूर निरर्थक चिन्हांची रांग दिसतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न १

(अ) योग्य पर्याय निवडा. साध्या ईमेलचा मजकूर सेवादात्या कंपनीच्या सर्व्हरवर : (१) मुळीच साठत नाही (२) त्या यंत्रणेला वाचता येईल अशा स्वरूपात असतो (३) केवळ प्राप्तकर्त्यालाच वाचता येतो.
(आ) पानिपतच्या वार्तेच्या पत्रातील सांकेतिक भाषा पेशव्यांना का उलगडली? दोन वाक्यांत लिहा.

४.२.३ दोन किल्ल्यांची पद्धत

कूटलेखनाची एक अडचण शतकानुशतके कायम होती. पाठवणारा आणि वाचणारा, दोघांकडे एकच किल्ली असली पाहिजे. मग ती किल्ली दूरच्या माणसाकडे सुरक्षितपणे पोहोचवायची कशी? किल्लीच वाटेत पकडली गेली तर कुलूप व्यर्थ ठरते. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी या कोड्याचे उत्तर सुचवणारा निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लिओनार्ड ॲडलमन यांनी ती कल्पना प्रत्यक्षात आणणारी रीत शोधली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती आरएसए म्हणून ओळखली जाते.

कल्पना समजण्यासाठी रस्त्यावरची टपालपेटी डोळ्यांसमोर आणा. तिच्या फटीतून कोणीही पत्र टाकू शकतो. आतील पत्रे मात्र ज्याच्याकडे किल्ली आहे तोच काढू शकतो. त्याचप्रमाणे या पद्धतीत प्रत्येकाकडे दोन किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्वांना खुशाल द्यावी. तिने मजकूर बंद करता येतो. खाजगी किल्ली स्वतःजवळ ठेवावी. तिनेच तो उघडतो.

हे गणिताने कसे साधते, याची एक लहान परीक्षा आपण कागदावर घेऊ शकतो. ३ आणि ११ या दोन अविभाज्य संख्यांचा गुणाकार ३३ होतो. समजा, आपली सार्वजनिक किल्ली ३३ आणि ३ या संख्यांची आहे. मैत्रिणीला आपल्याकडे ४ ही संख्या गुप्तपणे पाठवायची आहे. ती ४ चा घन करते : ६४. त्याला ३३ ने भागते. बाकी ३१ उरते. ती ३१ ही संख्या उघडपणे पाठवते. आपली खाजगी किल्ली ७ आहे. आपण ३१ चा सातवा घात काढतो : २७,५१,२६,१४,१११. त्याला ३३ ने भागल्यास बाकी ४ उरते. मूळ संख्या परत मिळाली. वाटेत ३१ पाहणाऱ्याला ३३ आणि ३ माहीत असले, तरी ७ शोधण्यासाठी त्याला ३३ चे अविभाज्य अवयव पाडावे लागतील. ३३ चे अवयव लहान मूलही पाडेल. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र ही संख्या सहाशेहून अधिक अंकी असते आणि तिचे अवयव पाडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

१९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली आणि सामान्य माणसाला आपला ईमेल स्वतः कूटबद्ध करणे शक्य झाले. तथापि किल्ल्या तयार करणे, जपणे, एकमेकांना देणे हे काम किचकट असल्याने ती पद्धत जाणकारांपुरती राहिली. हा किचकटपणा पडद्याआड नेणाऱ्या सेवा पुढे निर्माण झाल्या. त्यांना आपण कूटबद्ध ईमेल सेवा म्हणतो.

४.२.४ काय झाकले जाते, काय उघडे राहते

या सेवांपैकी दोन विशेष परिचित आहेत. प्रोटॉन मेल ही स्वित्झर्लंडमधील सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत एकत्र आलेल्या शास्त्रज्ञांनी ती उभारली. टुटा, पूर्वीचे नाव टुटानोटा, ही जर्मनीतील हॅनोव्हर येथील सेवा आहे. दोन्हींचे प्राथमिक स्वरूपातील खाते विनामूल्य मिळते.

दोन्हीकडील व्यक्ती एकाच कूटबद्ध सेवेवर असतील, तर पत्र पाठवणाऱ्याच्या यंत्रावर बंद होते आणि प्राप्तकर्त्याच्या यंत्रावरच उघडते. मधल्या सर्व्हरवर, म्हणजे खुद्द कंपनीकडेही, मजकूर वाचनीय स्वरूपात नसतो. याला टोकापासून टोकापर्यंतचे कूटबद्धीकरण म्हणतात. पोस्टकार्डाचा लिफाफा होतो तो येथे.

परंतु पुढील मर्यादा नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा दुसऱ्या टोकाची. आपण कूटबद्ध सेवेवरून साध्या सेवेवरील पत्त्यावर नेहमीसारखे पत्र पाठवले, तर त्याची प्रत तेथे वाचनीय स्वरूपातच साठते. यावर उपाय म्हणून परवलीच्या शब्दाने बंद केलेला संदेश पाठवण्याची सोय या सेवांत असते. प्राप्तकर्त्याला एक दुवा मिळतो आणि परवलीचा शब्द घातल्यावर मजकूर उघडतो. तो शब्द त्याच ईमेलमध्ये लिहिणे म्हणजे कुलपालाच किल्ली टांगून ठेवणे होय. तो प्रत्यक्ष भेटीत किंवा दूरध्वनीवर सांगावा.

दुसरी मर्यादा पत्त्याची. लिफाफा मजकूर झाकतो, वरचा पत्ता झाकत नाही. कोणी, कोणाला, केव्हा पत्र पाठवले ही माहिती पत्र पोहोचवण्यासाठी आवश्यक असल्याने यंत्रणेला ठाऊक असते. या माहितीला पत्रबाह्य माहिती किंवा अधिविदा म्हणतात. प्रोटॉन मेलमध्ये पत्राचा विषयही टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध होत नाही. टुटामध्ये तो होतो. म्हणून विषयाच्या ओळीत संवेदनशील तपशील लिहू नये. सावकारांच्या कासिदाचा तिसरा धडा तो हाच.

तिसरी मर्यादा कायद्याची. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या कायदेशीर आदेशावरून प्रोटॉन कंपनीला फ्रान्समधील एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या खात्याचा आंतरजाल-पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रांतील मजकूर कंपनी देऊ शकली नाही, कारण तो तिलाच वाचता येत नव्हता. खाते कोठून उघडले जाते, ही माहिती मात्र तिला नोंदवता आली. गोपनीयता आणि अनामिकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

चौथी मर्यादा यंत्राची. ज्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर पत्र उघडले जाते तेथे ते साध्या अक्षरांत दिसते. त्या यंत्रात हेरगिरी करणारी आज्ञावली शिरलेली असेल, ते यंत्र दुसऱ्याच्या मालकीचे असेल किंवा मागे उभा असलेला माणूस वाचत असेल, तर कोणतेही कूटलेखन उपयोगी पडत नाही.

पाचवी गोष्ट ही मर्यादेपेक्षा जबाबदारी आहे. खाजगी किल्ली कंपनीकडे वाचनीय स्वरूपात नसल्याने, परवलीचा शब्द विसरल्यास आणि पुनर्प्राप्तीचा संकेत जपला नसल्यास जुनी पत्रे कायमची बंद राहू शकतात. कंपनीला विनंती करून उपयोग होत नाही, कारण उघडण्याची शक्ती तिच्याकडे नसते. हा संकेत कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवणे श्रेयस्कर.

स्वयं-अध्ययन प्रश्न २

(अ) रिकाम्या जागा भरा. मजकूर बंद करण्यासाठी प्राप्तकर्त्याची ________ किल्ली आणि उघडण्यासाठी ________ किल्ली वापरली जाते.
(आ) ‘कूटबद्ध ईमेल वापरल्यास माणूस अनामिक होतो.’ हे विधान चूक की बरोबर? कारण द्या.

४.२.५ कायद्याची भूमिका

पत्र उघडण्याचा अधिकार राज्यसंस्थेने जुन्या काळापासून स्वतःकडे ठेवला आहे. १८८५ च्या तार अधिनियमाच्या कलम ५ मध्ये आणि १८९८ च्या टपाल अधिनियमाच्या कलम २६ मध्ये संदेश व पत्रे अडवण्याची तरतूद होती. या दोन्ही विषयांवर संसदेने २०२३ मध्ये नवे अधिनियम केले. त्यांतही हा अधिकार कायम आहे. संगणकीय संदेशांसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ६९ लागू होते. त्यानुसार सक्षम अधिकारी ठरावीक कारणांसाठी, लेखी कारणे नोंदवून, संदेश उकलून देण्याचा आदेश देऊ शकतो. तो न पाळणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते.

या अधिकाराला न्यायालयांनी मर्यादा घातल्या आहेत. १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी संभाषण चोरून ऐकण्यासंबंधी कार्यपद्धती ठरवून दिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. या निर्णयाचा आधार घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये, विनीतकुमार विरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभाग या प्रकरणात, संभाषण टिपण्याचे तीन आदेश रद्द केले आणि टिपलेले संभाषण नष्ट करण्यास सांगितले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही कायद्याने सांगितलेली पूर्वअट तेथे सिद्ध झाली नव्हती.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. झाकलेल्या पत्राचा दुरुपयोग होऊ शकतो. एका कंपनीतील महिलेची बदनामी करणारे अश्लील ईमेल प्रोटॉन मेलवरून पाठवले गेल्याच्या तक्रारीवर कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही सेवा भारतात रोखण्यासाठी कार्यवाही करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. एकाच साधनाने पीडित व्यक्तीला आडोसा मिळतो आणि पीडा देणाऱ्यालाही. सेवा निवडताना ती त्या वेळी आपल्या देशात उपलब्ध आहे का, हे तपासून घेणे म्हणूनच आवश्यक आहे. कूटलेखनाचा वापर स्वतःहून गुन्हा नाही. त्याआडून केलेले बेकायदेशीर कृत्य मात्र गुन्हाच ठरते.

४.२.६ उपयोजन : अंबडमधील एक संभाव्य प्रसंग

नाशिकमधील अंबड ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. तेथे मोठ्या कारखान्यांबरोबर सुटे भाग बनवणारे असंख्य लघुउद्योग आहेत. समजा, अशाच एका लहान कारखान्यात काम करणाऱ्या महिलेला कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ सोसावा लागत आहे. तिला वकिलाचा सल्ला घ्यायचा आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती नसते. अशा वेळी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, २०१३ च्या अधिनियमानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार सर्वसाधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी स्वरूपात करावयाची असते. तक्रारदाराची ओळख व तक्रारीचा मजकूर प्रसिद्ध करण्यास या अधिनियमाच्या कलम १६ ने मनाई केली आहे. परंतु तक्रार दाखल होण्यापूर्वीचा पत्रव्यवहार सर्वाधिक नाजूक असतो. तो मालकाच्या नजरेस पडला तर नोकरीवर गदा येऊ शकते; तो पडेल या भीतीने तिने पत्रच लिहिले नाही, तर मुदत निघून जाऊ शकते.

या प्रसंगी आतापर्यंतच्या विवेचनाचा उपयोग कसा करता येईल?

सर्वप्रथम यंत्राचा विचार करावा. कारखान्याचा संगणक, कारखान्याने दिलेला ईमेल पत्ता आणि तेथील वायफाय तिने टाळावे. कार्यालयीन खात्याचे नियंत्रण मालकाकडे असते. सायबर कॅफेतील संगणकही विश्वासार्ह नव्हे. स्वतःचा, कुलूप लावलेला भ्रमणध्वनी हे उचित साधन.

त्यानंतर दुसऱ्या टोकाचा. वकिलाचे खाते साध्या सेवेवर असेल, तर तिने परवलीच्या शब्दाने बंद केलेला संदेश पाठवावा आणि तो शब्द दूरध्वनीवर सांगावा. वकिलांनी उत्तरही त्याच बंद दुव्यातून द्यावे, अशी विनंती करावी. अन्यथा उत्तराचा मजकूर उघड्या पेटीत जाईल.

विषयाच्या ओळीत छळ, तक्रार, कारखान्याचे नाव यांपैकी काहीही नसावे. ‘भेटीच्या वेळेबाबत’ एवढे पुरे.

शेवटी पुराव्याचा विचार. काही कूटबद्ध संदेश ठरावीक मुदतीनंतर आपोआप नष्ट होतात. गोपनीयतेसाठी हे सोयीचे वाटले, तरी तक्रारदारासाठी ते घातक ठरू शकते. आक्षेपार्ह संदेश, तारखा आणि स्वतः पाठवलेली पत्रे यांच्या प्रती तिने सुरक्षित ठिकाणी जपाव्यात. जगापासून झाकणे आणि योग्य वेळी समितीपुढे मांडता येणे, या दोन्ही गरजा तिला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. आपले म्हणणे कोणापुढे, केव्हा आणि किती उघड करावयाचे, हे तिच्या हाती राहावे, हाच येथे गोपनीयतेचा अर्थ आहे.

४.३ सारांश

खाजगी पत्राचा मोकळेपणा ठरलेल्या वाचकावरील विश्वासातून येतो. साधा ईमेल हा बंद लिफाफ्यापेक्षा थैलीतून जाणाऱ्या पोस्टकार्डाच्या अधिक जवळ आहे. सांकेतिक भाषा संदर्भ जाणणाऱ्यापुढे उघडी पडते. कूटलेखन किल्लीवर अवलंबून असते. दोन किल्ल्यांच्या पद्धतीमुळे, गुप्त किल्ली न पाठवताही गुप्त पत्र पाठवता येते. कूटबद्ध ईमेल सेवा मजकूर झाकते. पत्ता, वेळ आणि काही सेवांत विषयाची ओळ उघडी राहते. दुसरे टोक, वापरलेले यंत्र आणि परवलीचा शब्द यांची काळजी वापरणाऱ्यालाच घ्यावी लागते. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्यावरील मर्यादा कायद्याने घालून दिलेल्या अटींतच लादता येतात.

४.४ पारिभाषिक शब्द

कूटलेखन : गणिती नियम आणि किल्ली यांच्या साहाय्याने मजकुराचे अवाचनीय रूपांतर करणे.
अधिविदा : मजकुराव्यतिरिक्तची माहिती, उदा., पाठवणारा, प्राप्तकर्ता, वेळ.
परवलीचा शब्द : खाते किंवा संदेश उघडण्यासाठी लागणारा गुप्त शब्द.
कासीद : पत्रे पोहोचवणारा जासूद.
खुर्दा : सुटी, कमी किमतीची नाणी.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) पर्याय २. (आ) पत्रातील संकेत संदर्भावर आधारलेले होते. रणांगणावर कोण कोण गेले आहे हे पेशव्यांना ठाऊक असल्याने मोती आणि मोहोरा यांचा अर्थ त्यांना लागला.
प्रश्न २ : (अ) सार्वजनिक, खाजगी. (आ) चूक. मजकूर झाकला गेला, तरी कोणी कोणाला केव्हा पत्र पाठवले ही माहिती यंत्रणेकडे असते आणि कायदेशीर आदेशानुसार ती द्यावी लागू शकते.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘खाजगी पत्राच्या भाषेचा मोकळेपणा गोपनीयतेवर अवलंबून असतो.’ या विधानाची चर्चा करा.
२. सांकेतिक भाषा आणि कूटलेखन यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
३. कूटबद्ध ईमेल सेवेच्या मर्यादा सांगून त्यांवरील उपाय लिहा.
४. सार्वजनिक किल्ली ३३ व ३ आणि खाजगी किल्ली ७ घेऊन २ ही संख्या कूटबद्ध करा व पुन्हा उकलून दाखवा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तींशी बोलून, पूर्वी कोणता मजकूर पोस्टकार्डावर आणि कोणता लिफाफ्यातून पाठवला जाई याची माहिती मिळवा. गेल्या महिन्यात आपण ईमेलने पाठवलेल्या कागदपत्रांची यादी करा. त्यांतील कोणते कागद ‘पोस्टकार्डावर’ जाणे योग्य नव्हते, यावर दोन पृष्ठांचे टिपण तयार करून अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात सादर करा. टिपणात कोणाचाही वैयक्तिक तपशील उघड होणार नाही, याची दक्षता घ्या.